पोकळीची पारख

बाजारातील खोक्यांवर जी विशेषणे छापलेली असतात त्यांत ‘शक्तिशाली’ ह्या विशेषणाइतके स्वस्त दुसरे नसेल. साबणाची वडी शक्तिशाली, पंखा शक्तिशाली, डास मारण्याची बाटलीही शक्तिशाली! ही शक्ती कोठे मोजली, कशावर चालते आणि किती वेळ टिकते, ह्याविषयी मात्र खोका मौन पाळतो. राज्य शासनाच्या जलसंसाधन विभागात ३४ वर्षे लेखा आणि भांडार ह्या शाखांतून कागद हाताळल्यामुळे विशेषण दिसले की त्यामागचा आकडा शोधावा आणि आकडा दिसला की तो कोठे मोजला हे विचारावे, अशी एक सवय आम्हांला जडली आहे. घरची मंडळी तिला खोड म्हणतात. मोटारीचा अंतर्भाग स्वच्छ करणारा व्हॅक्यूम क्लीनर निवडण्याचा योग गेल्या हिवाळ्यात आला, तेव्हा ह्या खोडीला बऱ्याच दिवसांनी काम मिळाले.

ह्या खरेदीमागे चैन नव्हती. आमच्या सौ.ला दमा आहे. औषधे नियमित आहेत, घरात पडदे कमी आहेत, चादरी गरम पाण्यातून निघतात, आणि ह्या शिस्तीमुळे घरात तिचे बरे चालते. तिची थोरली बहीण देवासला असते. वय ७४, गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिचे घराबाहेर पडणे बंद झालेले. म्हणजे दोघी बहिणींची भेट व्हावयाची तर सौ.नेच जावयाचे. इंदूरहून देवास ते किती लांब? अवघे ३५-४० किलोमीटर. ज्या देवासच्या कोरड्या हवेसाठी कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना तेथे येऊन राहिले, त्या देवासला पोहोचण्यासाठी आमच्या घरातील एका माणसाचा श्वास पुरेना. गाडीत बसून दहा मिनिटे झाली की खोकला सुरू होई, मांगलिया येईतो छातीत घरघर लागे, आणि क्षिप्रेचा पूल येण्यापूर्वी पर्समधला इन्हेलर हातात येई. दोनदा आम्ही वाटेतून परत फिरलो. त्यानंतर सौ. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणू लागली. असे चार पुढचे महिने उलटले. बहिणी फोनवर बोलत. पण बोलून झाल्यावर सौ. फोन बराच वेळ हातातच धरून बसे.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला : त्रास घरात अधिक होतो की गाडीत? उत्तर उघड होते. आमची गाडी अकरा वर्षांची, कापडी आसनांची. अशा आसनांत आणि पायांखालच्या गालिच्यात बारीक धूळ मुरते, पावसाळ्यात दमटपणा धरला की बुरशी येते, आणि माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे धुळीतील सूक्ष्म कीटक तेथे वस्ती करतात. हे कीटक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतात; त्यांच्या विष्ठेचे कण श्वासात गेले की दमेकऱ्याची श्वासनलिका आवळते. वातानुकूलन यंत्राच्या तोंडाशी असलेली केबिनची गाळणी आम्ही प्रथम बदलून घेतली. थोडा फरक पडला. पुरेसा पडला नाही. राहिली ती आसने.

एका धुलाई केंद्रात गाडी नेऊन पाहिली. तेथील पोरांनी संपीडित हवेच्या नळीने आसनांवर असा झंझावात सोडला की खाली बसलेली धूळ छतापर्यंत गेली. मग त्यांनी वर गुलाबाच्या वासाचा फवारा मारला. दम्याला धूळही चालत नाही आणि गुलाबही चालत नाही. त्या संध्याकाळी सौ.ने गाडीचे दार उघडले आणि न बसताच ते पुन्हा लावून घेतले. स्वच्छता घरीच, आपल्या हातांनी आणि आपल्या यंत्राने करावयाची, हे त्या दाराच्या आवाजासरशी ठरले.

आमचे शहर स्वच्छतेसाठी देशभर गाजते. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिला क्रमांक राखला; सातव्या वेळी सुरतही बरोबरीने होते. येथे रात्री यंत्रांनी रस्ते झाडले जातात, सकाळी गाणे वाजवीत कचरागाडी दाराशी येते. परंतु नगर निगमची हद्द आपल्या गाडीच्या दाराशी संपते. दाराच्या आत काय असते, ह्याची मोजदाद आम्ही एका रविवारी केली. माळव्याची काळी माती, सुकून पिठासारखी झालेली, छप्पन दुकानांवरून आणलेल्या पोह्यांवरची शेव, जी आसनाच्या रुळांत अडकली की कोणाच्या बापाला निघत नाही, जिरावणाची पूड, खजराण्याच्या गणपतीच्या झेंडूच्या पाकळ्या, कोणाच्या तरी लग्नातील अक्षता, नातीच्या पेन्सिलीची साले, आणि आसनाच्या कापडात सुईसारखे रुतून बसलेले केस. ह्यांतील प्रत्येक वस्तू निराळ्या रीतीने निघते. शेव वजनाने जड, तिला हवेचा जोर लागतो. केस कापडाला धरून बसतात, त्यांना आधी ब्रशने सोडवावे लागते. खरा शत्रू मात्र ती पिठासारखी माती. ती ओढली सहज जाते. पण ओढणाऱ्या यंत्रातून पुन्हा बाहेरही तितक्याच सहज येते.

मोजदाद झाल्यावर आम्ही रिवाजाप्रमाणे तुलनात्मक तक्ता आखला. अकरा यंत्रे, सात रकाने : किंमत, वॉट, ओढ, डब्याचे माप, वायरीची लांबी, वजन, हमी. निविदा उघडल्यानंतर जसा कागद तयार होतो तसा तो झाला होता. सौ.ने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, “सगळं आहे हो यात. पण यातलं कुठलं घेतलं म्हणजे मला देवासला जाता येईल, ते कुठल्या रकान्यात लिहिलंय?”

तो रकाना कोणत्याच खोक्यावर छापलेला नव्हता. तो आखण्यासाठी बाकीच्या रकान्यांचा अर्थ नीट लावणे भाग होते.

पहिला रकाना वॉटचा. खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत तोच असतो. वॉट म्हणजे यंत्र विजेचे किती खाते तो आकडा. तो यंत्राचा आहार झाला, कर्तृत्व नव्हे. भरपूर जेवणारा माणूस भरपूर काम करीलच असे नाही, हे कोणत्याही कार्यालयात दिसते. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या विजेवर १ सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटची आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटची मर्यादा घातली. त्यामुळे तेथील घरे काही धुळीने भरली नाहीत. कारखानदारांनी पंख्याचा आकार, नळीची वळणे आणि तोंडाची घडण सुधारली, आणि कमी आहारावर पूर्वीसारखेच काम चालू राहिले.

दुसरा आकडा ओढीचा. तो किलोपास्कल ह्या एककात देतात. तिसरा हवेच्या प्रवाहाचा, सेकंदाला इतके लिटर असा. हा तिसरा आकडा खोक्यावर क्वचितच सापडतो. येथे आमच्या जुन्या खात्याची आठवण उपयोगी पडली. आम्ही अभियंते नव्हे, विज्ञानाचे साधे पदवीधर. परंतु कालव्यांच्या कामात पाण्याची उंची आणि विसर्ग हे दोन शब्द अभियंत्यांच्या तोंडून रोज कानी पडत. पाणी उंचावर आहे पण वाहत नाही, तर त्यातून काम होत नाही. पाणी वाहते आहे पण त्यामागे उंची नाही, तरी काम होत नाही. शक्ती दोहोंच्या गुणाकारात असते. हवेचेही तसेच आहे. ओढही पूर्वापार पाण्याच्याच उंचीने मोजतात : १ किलोपास्कल म्हणजे सुमारे १०२ मिलिमीटर पाणी. म्हणजे २० किलोपास्कल ओढीचे यंत्र नळीतून पाणी साधारण २ मीटर वर चढवून धरील. किलोपास्कलला लिटरने गुणले की उत्तर थेट वॉटमध्ये येते, आणि हे वॉट खाण्याचे नसून कामाचे असतात.

मेख अशी आहे की ओढीचा सर्वांत मोठा आकडा मिळतो तो नळीचे तोंड पूर्ण बंद केल्यावर, म्हणजे हवा मुळीच वाहत नसताना. प्रवाहाचा सर्वांत मोठा आकडा मिळतो तो तोंड पूर्ण मोकळे असताना, म्हणजे ओढ जवळजवळ शून्य असताना. हे दोन थोर पुरुष एकाच वेळी कधीच घरी नसतात. खोक्यावर मात्र दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावलेली असतात. समजा ओढ २० किलोपास्कल आणि प्रवाह ४० लिटर असे छापले आहे. गुणाकार ८०० होतो; पण एक वाढताना दुसरा सरळ रेषेत उतरतो असे धरले, तर प्रत्यक्षात मिळणारी अधिकातली अधिक शक्ती त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे २०० वॉटच्या आसपास असते. दुकानदार आपल्या तळहाताला नळी चिकटवून दाखवतात आणि गिऱ्हाईक थक्क होते. तो प्रयोग खोटा नाही. परंतु तळहात चिकटला त्या क्षणी प्रवाह शून्य झालेला असतो आणि धुळीचा एक कणही हलत नसतो.

आमच्या सेवेतील सहा वर्षे मुरैना-भिंडकडे गेली. कोट्याच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या चंबळच्या उजव्या मुख्य कालव्यावर तिकडचा मोठा मुलूख पिकतो. कार्यालयाच्या नोंदवहीत कालव्याच्या मुखाशी सोडलेला विसर्ग रोज लिहिला जाई आणि तो बहुधा आदेशाप्रमाणेच असे. तरीही शेपटाकडचा शेतकरी धुळीने माखलेल्या पायांनी दाराशी येऊन उभा राही. त्याच्या शेतात पाणी पोहोचलेले नसे. मधे कोठे कालवा झिरपलेला, कोठे गाळाने भरलेला, कोठे कोणी आडवा बांध घातलेला. मुखाशी किती सोडले हा कागदाचा प्रश्न. शेपटाला किती पोहोचले हा पिकाचा. व्हॅक्यूम क्लीनरची नळी हाही कालवाच समजावा. लांब, वळ्यावळ्यांची नळी काही ओढ वाटेतच खाते. सांधे सैल असले तर प्रवाह झिरपतो. गाळणी धुळीने लिंपली गेली तर कालव्यात गाळ साठतो. आणि मोटारीत शेपटाचे शेत म्हणजे आसन आणि रूळ यांच्यामधील ती बोटभरही नसलेली फट. यंत्राची शक्ती मोजावयाची ती तेथे.

फटीच्या संदर्भात निसर्गाचा आणखी एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. समईची ज्योत हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा! फुंकलेली हवा एका दिशेने झोत होऊन धावते, ओढलेली हवा मात्र चहूकडून गोळा होते. म्हणून नळीच्या तोंडापासून त्या तोंडाच्या व्यासाइतके अंतर गेले की हवेचा वेग सुमारे दहाव्या हिश्श्यावर उतरतो. नळी धुळीपासून दोन बोटे दूर राहिली तर दीड हजार वॉटचे यंत्रही नुसते गर्जत राहते. तेव्हा यंत्राबरोबर फटीत शिरणारी चपटी चोच असली पाहिजे. ३० मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद तोंडाच्या चोचीतून सेकंदाला १० लिटर हवा गेली तर तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५ मीटर होतो. वादळातही एवढा वारा क्वचित सुटतो. शेव निघते ती ह्या वेगाने.

एवढा विचार झाल्यावर अकरा यंत्रांचे तीन वर्ग आपोआप पडले. पहिला वर्ग गाडीच्याच १२ व्होल्टच्या खाचेत लावण्याच्या यंत्रांचा. बहुतेक गाड्यांत त्या खाचेच्या झाकणावरच १२० वॉट ही मर्यादा लिहिलेली असते. तेव्हा खोक्यावर काहीही छापा, त्याहून अधिक आहार तेथे मिळणार नाही. वाटेत सांडलेला चुरा उचलायला ही यंत्रे ठीक. दुसरा वर्ग विद्युत्‌घटावर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या यंत्रांचा. चिरंजीवांचा कौल ह्यांना होता. “बाबा, वायरीची कटकट नाही,” हे त्यांचे म्हणणे अगदी खरे. परंतु ३.७ व्होल्टचे आणि २००० मिलिअँपियर-तासांचे दोन घट असलेले यंत्र घेतले तर त्याच्या पोटात एकूण १४.८ वॉट-तास एवढीच शिदोरी असते. १२० वॉटने खाल्ली तर ती सात मिनिटांत संपते. आमच्या गाडीच्या एका आसनालाच तेवढा वेळ लागणार. मोठ्या घटांची, चांगल्या प्रतीची यंत्रेही मिळतात, पण त्यांच्या किमतीत आमच्या कामाचे यंत्र दोनदा आले असते. तिसरा वर्ग घरच्या विजेवर चालणाऱ्या, चाकांवर उभ्या राहणाऱ्या, ओले-सुके दोन्ही ओढणाऱ्या डब्यांचा. दिसायला ओबडधोबड, आवाजाला दांडगे. पण मुरलेली माती काढण्याचे काम ह्यांचेच.

ह्याच वर्गात निवड करावयाची हे ठरले. पण त्यांत कोणते? येथे तो न छापलेला रकाना पुन्हा समोर उभा राहिला. ओढलेल्या धुळीचे पुढे काय होते?

व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहास ह्या प्रश्नाभोवतीच फिरला आहे. ह्युबर्ट सेसिल बूथ ह्या इंग्रज अभियंत्याने धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र लंडनमध्ये पाहिले आणि त्याच्या मनात आले की फुंकण्याऐवजी ओढावे. त्याने एका उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर हातरुमाल पसरला, त्याला तोंड लावून श्वास ओढला आणि रुमालाच्या खालच्या बाजूला उमटलेला काळा डाग पाहिला, असे सांगतात. १९०१ साली त्याने यंत्र उभे केले. ते एवढे मोठे होते की घोडागाडीवर लादून रस्त्यातच उभे करीत आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात नेत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे त्याच यंत्राने साफ झाले. पुढे १९०७ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर ह्या झाडझूड करणाऱ्या सेवकाने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून हातात धरता येईल असे यंत्र बनवले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. स्पँग्लरला दमा होता. झाडताना उडणारी धूळ त्याला सोसत नसे. हे वाचून आम्हांला त्या अनोळखी माणसाविषयी एकदम जवळीक वाटली.

आपल्याकडे हे यंत्र मध्यमवर्गाच्या दारी पोहोचवले ते १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सने. टाय लावलेला तरुण विक्रेता घरी येई, आपल्याच गादीवर नळीच्या तोंडाला फडके लावून यंत्र चालवी, आणि फडक्यावरचा करडा डाग गृहिणीला दाखवी. गृहिणी लाजून जाई. प्रयोग बूथचाच होता. बूथ काय किंवा तो विक्रेता काय, दोघांनीही फडके यंत्राच्या तोंडाशी धरले. सौ.च्या रकान्याला मात्र फडके यंत्राच्या पाठीशी, जेथून हवा बाहेर पडते तेथे धरणे आवश्यक होते.

अतिसूक्ष्म कणांसाठी हेपा नावाची गाळणी असते. अमेरिकी प्रमाणानुसार ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. पण गाळणी उत्तम असून तिच्या कडेची रबरी पट्टी सैल असली तर हवा सोपी वाट धरते आणि गाळणीला वळसा घालून बाहेर पडते. कालव्याच्या फाटकाशेजारून पाणी झिरपावे तसे. हे खोक्यावरून कळत नाही, फडक्यावरून कळते.

एका सोमवारी आम्ही सियागंजात गेलो. बरोबर तीन वस्तू नेल्या : गाडीतील पायपुसणे, त्याच्या खालून गोळा केलेल्या मातीची पुडी, आणि जुन्या छत्रीचे काळे कापड. दुकानदाराने प्रथम १६०० वॉटचे यंत्र पुढे केले आणि हौसेने तळहात चिकटवून दाखवला. आम्ही पुडी पायपुसण्यावर पसरली, चोळून मुरवली आणि चपटी चोच लावून यंत्र चालवायला सांगितले. पायपुसणे स्वच्छ झाले. तेवढा एक मिनिट सौ.ने काळे कापड यंत्राच्या पाठीशी धरले होते. कापड उलगडले तर त्यावर वाटीएवढे करडे वर्तुळ. दुकानदार काही वेळ ते पाहत राहिला, मग म्हणाला, “बाबूजी, आजतक किसीने पीछे कपड़ा नहीं लगाया.” त्याने स्वतःच आतून दुसरे यंत्र आणवले. १२०० वॉटचे, आत जाड कागदी पिशवी, तिच्यामागे बंदिस्त बसणारी हेपा गाळणी. पुन्हा पुडी, पुन्हा चोच, पुन्हा मिनिट. मातीचा शेवटचा थर काढायला ह्याला चार-सहा फेरे अधिक लागले. कापड मात्र काळेच राहिले. सौ.ने ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले, घडी केली, पर्समध्ये ठेवले आणि म्हणाली, “हेच घ्या.” तक्त्यातील ओढीच्या रकान्यात हे यंत्र पाचव्या क्रमांकावर होते.

१२०० वॉट आम्हांला आणखी एका कारणाने सोयीचे पडले. २३० व्होल्टवर एवढे यंत्र सुमारे ५.२ अँपियर घेते, ते घरच्या ६ अँपियरच्या साध्या प्लगवर चालते. १६०० वॉटला ७ अँपियर लागले असते, आणि रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीत तसा मोठा प्लग नाही. गाडी गल्लीत उभी राहत असल्याने वाढीव वायर लागतेच. ती जाड, दीड चौरस मिलिमीटर तांब्याची घ्यावी आणि वापरताना पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर भार घेताना तापते.

आता दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी हे काम चालते. चारही दारे उघडी. डबा वाऱ्याच्या दिशेने गाडीपासून नळी पुरेल तितका दूर. बूथचे यंत्रही रस्त्यातच उभे राहत असे, त्यातले शहाणपण आता कळते. पायपुसणी बाहेर काढून झटकावयाची, चिखल असेल तर पूर्ण वाळू द्यावयाचा, कारण ओला चिखल ओढू गेल्यास धाग्यांत अधिक रुततो. आसनांवर आधी ब्रश, मग नळी. वरून खाली, छताकडून पायांकडे. रुळांसाठी आसन एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. चोच टेकवून सावकाश ओढावयाची. घाईने फिरवलेला हात यंत्राची निम्मी शक्ती वाया घालवतो. पिशवी दोन-तृतीयांश भरली की बदलावयाची. सौ. तेवढा वेळ घरात मागच्या अंगणात असते आणि काम संपल्यावर तासभर तरी गाडीकडे फिरकत नाही. पहिल्या दिवशीची पिशवी आम्ही स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवण्याच्या बेतात होतो, पण सूनबाईंनी वेळीच काटा उचलला. मग ती भंगारवाल्याच्या तागडीवर तोलली. ३८० ग्रॅम भरली. एवढी माती चार माणसांच्या श्वासाच्या वाटेवर बसून होती.

सूक्ष्म कीटक यंत्राने समूळ जात नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. जाते ती धूळ आणि तिच्यातील त्यांची विष्ठा. औषधे पूर्वीसारखीच चालू आहेत, इन्हेलर पर्समध्येच असतो. ह्या यंत्राने दमा बरा केला असे कोणी समजू नये. त्याने केले ते एवढेच की गाडीतली हवा घरातल्या हवेसारखी झाली. जी गोष्ट ज्या कामासाठी आणली त्या कामाला ती पुरली, म्हणजे ती शक्तिशाली. ह्याहून निराळी व्याख्या आम्हांला ३४ वर्षांच्या नोकरीतही सापडली नव्हती.

चैत्रात देवासला चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. मांगलिया गेले, क्षिप्रेचा पूल गेला; सौ. खिडकीबाहेर गव्हाची कापलेली शेते पाहत होती आणि पर्स तिच्या पायांशी मिटलेली होती. आम्ही काही विचारले नाही. देवासला थोरल्या बहिणीने खुर्चीतूनच दोन्ही हात पुढे केले. कैरीची डाळ आणि पन्हे समोर आले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “इतके महिने आली का नाहीस गं?”

“गाडी झाडायची राहिली होती,” सौ. म्हणाली, आणि पन्ह्याचा पेला उचलला.